सिकलसेल आणि थॅलेसेमिया: ‘नॉर्मल’ रिपोर्टआड लपलेली मूत्रपिंडाची इजा कशी ओळखावी

सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा, मूत्रपिंड गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) ०.८ येते, शेजारी छापलेल्या मर्यादेत ते बसते आणि ‘किडनी ठीक आहे’ म्हणून फाइल मिटली जाते. त्याच रुग्णाचे क्रिएटिनिन दोन वर्षांपूर्वी ०.४ होते, हे कुणी मागे जाऊन पाहिलेलेच नसते. ०.४ चे ०.८ होणे म्हणजे रक्त गाळण्याची क्षमता जवळपास निम्म्यावर येणे. दोन्ही आकडे ‘नॉर्मल’ असल्यामुळे रिपोर्टवर एकही ठळक अक्षर उमटत नाही.

संदर्भासाठी छापलेली मर्यादा निरोगी, भरल्या अंगाच्या माणसांवरून ठरवलेली असते. या रुग्णांच्या अंगावर स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. सिकलसेलमध्ये तर लहान वयात मूत्रपिंड गरजेपेक्षा जास्त रक्त गाळते आणि मूत्रनलिका क्रिएटिनिन जास्तीचे बाहेर टाकतात. त्यामुळे या मुलांचे क्रिएटिनिन ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असणे नेहमीचे आहे. म्हणून शोध लघवीपासून सुरू करायचा, रक्ताचा आकडा छापील मर्यादेशी न ताडता त्याच रुग्णाच्या जुन्या आकड्याशी ताडायचा. पुढची सगळी कृती याच दोन गोष्टींवर उभी आहे.

इजा नेमकी कुठे होते

दोन्ही आजारांत मूत्रपिंड दुखावते, पण दुखावण्याची जागा वेगळी असते. म्हणून तपासण्याही वेगळ्या लागतात.

मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात प्राणवायू कमी, आम्लता जास्त आणि क्षारांची तीव्रता प्रचंड असते. सिकल हिमोग्लोबिनला गोठून पेशी वाकड्या करायला याहून सोयीची जागा शरीरात क्वचितच असेल. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि सर्वांत आधी लघवी घट्ट करण्याची क्षमता जाते. हे बालपणीच घडते आणि साधारण दहाव्या वर्षानंतर ती क्षमता सहसा परत येत नाही. पुढे गाळणीवर ताण वाढतो आणि ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज, चक्क जास्त दिसतो. मग गाळणीतून अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन झिरपू लागते. त्यानंतर कधीतरी ईजीएफआर उतरतो आणि क्रिएटिनिन छापील मर्यादा ओलांडते ते अगदी शेवटी. क्रिएटिनिन वाढण्याची वाट पाहणे म्हणजे या साखळीच्या शेवटच्या कडीपाशी जाऊन बसणे.

थॅलेसेमियात मार मुख्यतः मूत्रनलिकांवर बसतो. दीर्घकाळचा रक्तक्षय, साचलेले लोह आणि ते लोह काढण्यासाठीची औषधे अशी तीन कारणे एकत्र काम करतात. गाळणी शाबूत असते, पण गाळून आलेले फॉस्फेट, ग्लुकोज, युरिक ॲसिड, कॅल्शियम आणि लहान आकाराची प्रथिने परत शोषून घेणे नलिकांना जमत नाही. अशा रुग्णात नुसते अल्ब्युमिन तपासले, तर इजा हातची निसटू शकते.

नमुना: निम्म्या चुका इथेच होतात

तपासणी कितीही चांगली असली तरी चुकीच्या वेळी घेतलेला नमुना तिला निरुपयोगी करतो. सकाळची पहिली लघवी हवी. दिवसभर उभे राहिल्याने, चालल्या-फिरल्याने काही जणांच्या, विशेषतः किशोरवयीन मुलांच्या, लघवीत प्रथिने तात्पुरती वाढतात. रात्रभर आडवे राहिल्यावर ती उतरतात. दुपारचा नमुना पॉझिटिव्ह आणि सकाळचा निगेटिव्ह असेल, तर तो बहुधा आजार नव्हे.

सिकलसेलच्या रुग्णांत इथे एक अडचण येते. ते रात्रीतून दोन-तीनदा लघवीला उठतात, मग ‘पहिली’ कुठली धरायची? झोपेतून उठून केलेल्या रात्रीच्या लघव्या सोडून द्या. सकाळी अंथरुणातून कायमचे उठल्यावर, इकडेतिकडे न फिरता, लगेच केलेली लघवी घ्या. सुरुवातीची थोडी धार सोडून मधली धार डबीत धरा. रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडू नका. अंथरूण ओले करणाऱ्या मुलाचेही पाणी तोडू नका. त्याची लघवी घट्ट होतच नसल्यामुळे पाणी तोडले तर लघवी कमी होत नाही, शरीर मात्र कोरडे पडते आणि वेदनांचा झटका ओढवतो.

नमुना कधी घेऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम आणि सिकलसेलचा क्रायसिस, म्हणजे वेदनांचा झटका, यांत अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. क्रायसिसनंतर साधारण चार आठवडे जाऊ द्यावेत. नियमित रक्त घेणाऱ्या रुग्णाने रक्ताचे आणि लघवीचे नमुने दर वेळी चक्राच्या एकाच टप्प्यावर द्यावेत. रक्त चढवण्याच्या आधीचा दिवस सगळ्यांत सोयीचा. एकदा रक्त चढवण्याआधी आणि एकदा नंतर घेतलेले आकडे शेजारी मांडले, तर त्यातून धड निष्कर्ष निघत नाही.

नमुना लगेच पोहोचवता येत नसेल तर फ्रिजच्या खालच्या भागात, २ ते ८ अंशांत ठेवावा. अल्ब्युमिनसाठीचा नमुना तसा आठवडाभर टिकतो. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, कारण गोठवल्याने अल्ब्युमिन कमी मोजले जाऊ शकते.

एसीआर: सगळ्यात कामाचा आकडा

प्रयोगशाळेत मागायची तपासणी म्हणजे लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, अर्थात एसीआर. अनेकदा ‘युरिन रुटीन’ लिहून दिली जाते आणि लघवीत बुडवायच्या पट्टीवर प्रथिने ‘निल’ आली की समाधान होते. सिकलसेलमध्ये हे समाधान फसवे असते. पट्टी सांद्रता वाचते आणि अल्ब्युमिन साधारण १५० ते ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर झाल्याशिवाय तिचा रंग नीट बदलत नाही. या रुग्णाची लघवी सदा पातळ, त्यामुळे झिरपणारे अल्ब्युमिन पाण्यात विरून पट्टीच्या नजरेखालून निघून जाते.

आकड्यांत पाहू. एका नमुन्यात अल्ब्युमिन १८ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि क्रिएटिनिन ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. हे क्रिएटिनिन लिटरमागे ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.३ ग्रॅम झाले. १८ ला ०.३ ने भागले की एसीआर येतो ६० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. पट्टी इथे स्वच्छ निगेटिव्ह राहील आणि एसीआर ३० या मर्यादेच्या दुप्पट आहे. काही प्रयोगशाळा हाच आकडा मिलिग्रॅम प्रति मिलिमोलमध्ये देतात. त्याला ८.८४ ने गुणले की मिलिग्रॅम प्रति ग्रॅम मिळतो. ६.८ आणि ६० हे एकाच मापाचे दोन आकडे आहेत. एकक न पाहता ‘६० वरून ६.८ वर आले’ म्हणून पेढे वाटू नयेत.

३० पेक्षा कमी एसीआर सर्वसाधारण, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या वर मोठी वाढ. पण एका नमुन्यावर शिक्का मारायचा नाही. सुमारे तीन महिन्यांच्या काळात तीन नमुने घ्यावेत आणि त्यांतले किमान दोन वाढलेले असतील तरच अल्ब्युमिनची गळती पक्की धरावी. एसीआर दिवसागणिक बराच हलतो, ४२ नंतर ३१ आला म्हणजे सुधारणा झाली असे नाही. शिवाय भागाकारातला छेद म्हणजे लघवीतले क्रिएटिनिन, आणि ते स्नायूंवर अवलंबून असते. हडकुळ्या रुग्णात छेदच लहान असल्याने एसीआर थोडा फुगतो. म्हणून ३० ते ४० मधल्या आकड्याने घाबरून जाऊ नये, पुन्हा तपासावे. १५० आला तर मात्र स्नायूंचे कारण पुढे करू नये.

अमेरिकेतील नॅशनल हार्ट, लंग अँड ब्लड इन्स्टिट्यूटच्या २०१४ च्या सूचनांनुसार सिकलसेलमध्ये अल्ब्युमिनची तपासणी वयाच्या दहाव्या वर्षी सुरू करून दर वर्षी करायची असते. दर वर्षी म्हणजे दर वर्षी. गेल्या वेळी चांगली आली म्हणून यंदा सोडून देण्याची ही तपासणी नाही.

पट्टी टाकून देऊ नका, तिला वेगळे प्रश्न विचारा

प्रथिनांसाठी पट्टी कमकुवत असली तरी तिच्यावरचे इतर चौकोन उपयोगी आहेत. सकाळच्या पहिल्या लघवीची विशिष्ट घनता पुन्हापुन्हा १.०१० च्या आसपासच राहत असेल, तर लघवी घट्ट होण्याची क्षमता गेली आहे. ही क्षमता तपासण्यासाठी पाणी बंद ठेवून पाहण्याचा प्रयोग सिकलसेलमध्ये घरी कधीही करू नये.

रक्ताचा चौकोन सगळ्यात बोलका असतो, फक्त त्याच्या जोडीला सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी हवी. पट्टी रक्तासाठी पॉझिटिव्ह आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशीही दिसतात, तर मूत्रमार्गात कुठेतरी रक्तस्राव होतो आहे. पट्टी पॉझिटिव्ह पण पेशी नाहीत किंवा अगदी तुरळक, तर बहुधा रक्तात फुटलेल्या पेशींचे मोकळे हिमोग्लोबिन लघवीत उतरते आहे. सिकलसेलमध्ये हे मोकळे हिमोग्लोबिन मूत्रनलिकांना त्रासदायक असते आणि ते ज्यांच्या लघवीत सापडते त्यांचा मूत्रपिंडाचा आजार पुढे सरकण्याचा धोका जास्त असतो. फार पातळ लघवीत तांबड्या पेशी फुटूनही जातात, म्हणून नमुना ताजा असतानाच पाहिला गेला पाहिजे.

ग्लुकोजचा चौकोन थॅलेसेमियात महत्त्वाचा. लघवीत साखर दिसली तर त्याच दिवशी रक्तातली साखर पाहावी. रक्तातली वाढलेली असेल तर मधुमेह. स्वादुपिंडात लोह साचल्याने तो या रुग्णांत होऊ शकतो. रक्तातली साखर ठीक असताना लघवीत साखर येत असेल तर मूत्रनलिका गळते आहे. मधुमेह पाहण्यासाठी एचबीए१सीवर, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या आकड्यावर, विसंबू नये. ज्याच्या तांबड्या पेशी लवकर मरतात किंवा ज्याला दुसऱ्याचे रक्त मिळते, त्याच्यात हा आकडा दिशाभूल करतो.

इथे एक खोच आहे. डेफेरॉक्सामिन हे लोह काढणारे औषध घेणाऱ्या रुग्णांना अनेकदा सोबत व्हिटॅमिन सी दिलेले असते. लघवीत व्हिटॅमिन सी जास्त असेल तर पट्टीवरचे रक्त आणि ग्लुकोज हे दोन्ही चौकोन खोटे निगेटिव्ह येऊ शकतात. प्रयोगशाळेला हे आधी सांगावे.

रंगाचाही गोंधळ होतो. डेफेरॉक्सामिन आणि डेफेरिप्रोन या दोन्ही औषधांनी लघवी तांबूस किंवा विटकरी होते. ते बाहेर पडणारे लोह असते आणि निरुपद्रवी असते. डेफेरासिरॉक्सने लोह मुख्यतः शौचावाटे जाते, म्हणून ते घेणाऱ्याच्या लाल लघवीला औषधाचे कारण देऊ नये.

क्रिएटिनिन: दोन दशांश स्थळे मागा

०.४ आणि ०.५ यांत फरक ०.१ चाच दिसतो, पण तो २५ टक्क्यांचा आहे. एकाच दशांश स्थळापर्यंत छापलेला आकडा या रुग्णांत फार भरड ठरतो. ०.४४ आणि ०.३६ हे दोन्ही ०.४ म्हणूनच छापले जातात. प्रयोगशाळेला दोन स्थळांपर्यंत आकडा द्यायला सांगा. मोजण्याची पद्धतही विचारा. जुन्या जाफे पद्धतीत रक्तातले बिलिरुबिन वाढलेले असेल तर क्रिएटिनिन खोटे कमी येऊ शकते आणि रक्तपेशी सतत फुटणाऱ्यांचे बिलिरुबिन तर वाढलेलेच असते. एन्झाइम पद्धत जास्त भरवशाची. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने मोजत राहावे. पद्धत बदलली तर तारखेशेजारी तशी नोंद करावी.

मुलांसाठी अंदाज काढायचे सोपे सूत्र आहे: उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, ०.४१३ ने गुणा आणि क्रिएटिनिनने भागा. १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे क्रिएटिनिन ०.३० असेल तर उत्तर येते सुमारे १९३. तेच ०.६० झाले तर ९६. ९६ हा आकडा एकट्याने पाहिला तर उत्तम, पण १९३ वरून ९६ वर येणे ही मोठी घसरण आहे. उलट १९३ हेही कौतुकाचे नाही. मूत्रपिंड ताणाखाली जास्तीचे गाळत असल्याची ती खूण आहे. प्रौढांसाठी वय आणि लिंग धरून मांडलेले २०२१ चे सीकेडी-ईपीआय समीकरण वापरतात. सिकलसेलमध्ये क्रिएटिनिनवर आधारलेली सर्वच समीकरणे गाळण्याचा वेग खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात.

म्हणून शंका असेल तिथे सिस्टाटिन सी हे रक्तातले छोटे प्रथिन तपासावे. ते स्नायूंवर अवलंबून नसते. मात्र थायरॉइडचा विकार, स्टिरॉइडची औषधे आणि जोराचा दाह यांत ते बदलते. थॅलेसेमियात थायरॉइड मंदावणे नेहमीचे आहे, तेव्हा टीएसएच (थायरॉइडची तपासणी) पाहिल्याशिवाय सिस्टाटिनवर मत देऊ नये. दर वर्षी ही तपासणी परवडत नसेल तर निदान एकदा, आजार स्थिर असताना, करून आधारभूत आकडा नोंदवून ठेवावा.

घसरणीचा वेगही मोजा. वर्षाकाठी ३ पेक्षा जास्त एककांनी ईजीएफआर उतरणे सिकलसेलमध्ये वेगवान घसरण मानतात. पण दोन आकड्यांवरून वेग काढू नये. किमान तीन-चार आकडे आणि वर्ष-दीड वर्षाचा काळ हवा.

रुग्णालयात दाखल असताना हिशेब वेगळा. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढणे किंवा सात दिवसांत दीडपट होणे म्हणजे मूत्रपिंडाला तीव्र इजा. क्रायसिसमध्ये ०.४ चे ०.७ झाले तर ती इजाच आहे, मग रिपोर्ट काहीही म्हणो. त्या वेळी डॉक्टरांना रुग्णाचा नेहमीचा आकडा सांगणारे कुणी शेजारी असले पाहिजे, नाहीतर ०.७ कडे कुणी दुसऱ्यांदा बघतही नाही.

थॅलेसेमिया आणि लोह काढणारी औषधे

डेफेरासिरॉक्स सुरू करण्याआधी क्रिएटिनिन दोनदा मोजायचे आणि त्याची सरासरी आधाररेषा म्हणून लिहून ठेवायची. सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस बदलल्यावर पहिला महिना दर आठवड्याला, पुढे दर महिन्याला क्रिएटिनिन मोजतात. त्यासोबत लघवीतली प्रथिनेही दर महिन्याला पाहतात. आठवड्याच्या तपासण्या कंटाळवाण्या असतात आणि बहुतेक ठिकाणी त्याच गळतात.

प्रौढात क्रिएटिनिन आधाररेषेपेक्षा ३३ टक्के किंवा जास्त वाढले तर आठवड्याच्या आत पुन्हा मोजावे. दुसऱ्यांदाही वाढलेले असेल तर डॉक्टर डोस कमी करतात. आधाररेषा ०.४५ असेल तर धोक्याची रेषा ०.६०. छापील मर्यादेच्या खूप आत असलेला हा आकडा फक्त तुमच्या कागदावर लाल दिसेल. मुलांमध्ये ईजीएफआर ३३ टक्क्यांहून जास्त उतरला का, हे याच रीतीने पाहतात. अमेरिकी माहितीपत्रकानुसार ईजीएफआर ४० च्या खाली असेल तर हे औषध देत नाहीत, युरोपात क्रिएटिनिन क्लिअरन्सची (गाळण्याच्या वेगाचे दुसरे माप) सीमा ६० आहे.

औषध वाढीव जाण्याच्या दोन वाटा वारंवार दिसतात. एक म्हणजे गोळीचा प्रकार बदलणे. पाण्यात विरघळवायच्या गोळीचा २० मिलिग्रॅम प्रति किलो हा डोस आणि गिळायच्या गोळीचा १४ हे सारखे असतात. जुन्या चिठ्ठीवरचा मिलिग्रॅमचा आकडा तसाच ठेवून फक्त गोळी बदलली, तर डोस एका रात्रीत चाळीस टक्क्यांहून अधिक वाढतो. दुसरी वाट म्हणजे फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) उतरत असताना जुना डोस तसाच चालू राहणे. शरीरात लोह कमी उरले की औषध मूत्रपिंडाला जास्त बाधते. फेरिटिन सलग दोनदा १००० च्या खाली आले की डोस कमी करण्याचा विचार होतो, ५०० च्या खाली औषध थांबवतात.

मूत्रनलिकेची गळती शोधण्यासाठी या तपासण्या एकत्र मागाव्यात: रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, बायकार्बोनेट, युरिक ॲसिड, साखर आणि क्रिएटिनिन. त्याच वेळच्या लघवीतले ग्लुकोज, फॉस्फेट, कॅल्शियम, एकूण प्रथिने, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन. फॉस्फेट, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि युरिक ॲसिड यांपैकी दोन-तीन गोष्टी एकदम खाली आणि रक्तातली साखर ठीक असताना लघवीत साखर, असे चित्र दिसले तर तो फॅन्कोनी सिंड्रोम असू शकतो. यात औषध त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना कळवायचे असते. वेळेत थांबवले तर बहुतेक वेळा नलिका सावरतात. स्नायूंत अशक्तपणा, हाडे दुखणे, एकाएकी वाढलेली तहान आणि लघवी ही त्याची बाहेरून दिसणारी लक्षणे. थॅलेसेमियाच्या रुग्णाची हाडे तशीही दुखतातच, म्हणून या लक्षणाकडे दुर्लक्ष होते.

फॉस्फेट नेमके गळते आहे का, हे घरच्या कॅल्क्युलेटरवर काढता येते. लघवीतले फॉस्फेट गुणिले रक्तातले क्रिएटिनिन, भागिले रक्तातले फॉस्फेट गुणिले लघवीतले क्रिएटिनिन. चारही आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये हवेत. लघवीत फॉस्फेट ४०, रक्तात क्रिएटिनिन ०.५, रक्तात फॉस्फेट २.५, लघवीत क्रिएटिनिन ४० असेल तर २० भागिले १००, म्हणजे २० टक्के फॉस्फेट वाहून गेले आणि ८० टक्के परत शोषले गेले. रक्तातले फॉस्फेट कमी असताना शोषण ८५ टक्क्यांच्या वर असायला हवे. इथे ते नाही, म्हणजे नलिका गळते आहे.

एकूण प्रथिने आणि अल्ब्युमिन दोन्ही मोजण्याचे कारण असे: एकूण प्रथिने वाढलेली आणि त्यात अल्ब्युमिनचा वाटा ४० टक्क्यांहून कमी असेल, तर गळती गाळणीपेक्षा नलिकेची असण्याची शक्यता जास्त. यापुढची पायरी म्हणजे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन किंवा रेटिनॉल बाइंडिंग प्रोटीन ही लहान प्रथिने लघवीत मोजणे. यांतले पहिले आम्लधर्मी लघवीत, पीएच ६ च्या खाली, नष्ट होत जाते आणि सकाळची लघवी बहुधा आम्लधर्मीच असते. निवड असेल तर दुसरे मागावे. लघवीतले कॅल्शियम भागिले क्रिएटिनिन हे मोठ्या मुलांत आणि प्रौढांत ०.२ च्या वर असेल तर खड्यांच्या दृष्टीने सोनोग्राफी करून घ्यावी.

रक्तदाब, हिमोग्लोबिन, पोटॅशियम

सिकलसेलच्या रुग्णांचा रक्तदाब इतरांपेक्षा कमी असतो. म्हणून वरचा १२० ते १३९ किंवा खालचा ७० ते ८९ मधला रक्तदाबही त्यांच्यासाठी वाढलेला धरावा. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या सूचनांत प्रौढांसाठी १३०/८० पर्यंतचे उद्दिष्ट दिले आहे. पाच मिनिटे शांत बसून, दंडाच्या मापाच्या पट्ट्याने मोजावे. बारीक दंडावर मोठा पट्टा लावला तर दाब खोटा कमी येतो.

नेहमी ८ च्या आसपास असणारे हिमोग्लोबिन हळूहळू ७ वर, ६.५ वर येत असेल आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या तांबड्या पेशी, वाढण्याऐवजी कमी होत असतील, तर मूत्रपिंडात तयार होणारे, तांबड्या पेशी बनवायला लावणारे एरिथ्रोपोएटिन कमी पडत असण्याचा विचार झाला पाहिजे. ‘सिकलसेल आहे, हिमोग्लोबिन कमीच असणार’ या वाक्याखाली ही खूण सहज दडपली जाते. क्रिएटिनिन फारसे वाढलेले नसतानाही पोटॅशियम वर आणि बायकार्बोनेट खाली जाऊ शकते, म्हणून वर्षातून एकदा दोन्ही पाहावेत.

लाल लघवी

सिकलसेलमध्ये, आणि फक्त वाहक (एकच सिकल जनुक) असलेल्यांतही, न दुखता लाल लघवी होऊ शकते. गाभ्याच्या टोकाशी रक्तपुरवठा तुटून तिथला भाग मरतो हे नेहमीचे कारण. बहुधा हे डाव्या बाजूला होते, कारण डावी मूत्रपिंड-शीर लांब असते आणि तिच्यावर दाब पडतो. पण ‘वाहकाला काही होत नाही’ म्हणून घरी बसू नये. मूत्रपिंडाचा एक दुर्मीळ आणि अतिशय आक्रमक कर्करोग, मेड्युलरी कार्सिनोमा, जवळजवळ फक्त सिकलसेल वाहकांत आणि रुग्णांत, तोही तरुण वयात होतो. वाहक असलेल्या तरुणाला लाल लघवी, कुशीत दुखणे किंवा वजन घटणे यांपैकी काही असेल तर सोनोग्राफीवर न थांबता सीटी किंवा एमआरआयबद्दल विचारावे.

हिमोफिलिया या रक्त नीट न गोठण्याच्या आजारातही लाल लघवी होते, तिथे एक वेगळी काळजी घ्यावी लागते. रक्तस्राव थांबवणारे ट्रानेक्सॅमिक ॲसिड मूत्रमार्गाच्या रक्तस्रावात स्वतःहून घेऊ नये, गुठळी होऊन मूत्रवाहिनी तुंबू शकते. जी६पीडी हे तांबड्या पेशींना जपणारे एन्झाइम कमी असलेल्यांत औषध किंवा संसर्गानंतर लघवी काळपट, कोलासारखी झाली तर त्याच दिवशी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहावे लागते.

इजा पक्की झाली तर

अल्ब्युमिनची गळती तीन महिन्यांत पक्की झाली की सिकलसेलमध्ये एसीई इनहिबिटर किंवा एआरबी या रक्तदाबावरच्या गटांतले औषध सुचवले जाते. रक्तदाब वाढलेला नसला तरीही ते देतात. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहायचे. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तर ते बहुधा चालवून घेतात, पोटॅशियमची वाढ मात्र चालवून घेत नाहीत. गरोदरपणात ही औषधे चालत नाहीत, म्हणून तरुण स्त्रीला हे आधीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. ईजीएफआर ६० च्या खाली असेल तर सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा सुरुवातीचा डोस निम्मा, ७.५ मिलिग्रॅम प्रति किलो असतो.

वेदनांसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या आधी बाजूला कराव्यात. सिकलसेलच्या रुग्णाला त्यांची इतकी सवय झालेली असते की विचारल्यावर तो ‘कुठलेही औषध नाही’ असे सांगतो. नाव घेऊन विचारावे लागते. ट्रायमेथोप्रिम असलेल्या प्रतिजैविकाने इजा न होताही क्रिएटिनिन वाढते, म्हणून ते चालू असताना घेतलेला आकडा तक्त्यात वेगळ्या खुणेने मांडावा.

हा तक्ता एका पानाचा असावा. त्यात तारीख, वजन, उंची, रक्तदाब, एसीआर, दोन स्थळांपर्यंत क्रिएटिनिन, ईजीएफआर, हिमोग्लोबिन, फेरिटिन, लोह काढणाऱ्या औषधाचा प्रकार आणि प्रति किलो डोस यांचे रकाने हवेत. शेवटच्या रुंद रकान्यात त्या आठवड्यात ताप, क्रायसिस, जुलाब, नवे औषध काय होते ते लिहावे. उलट्या-जुलाब चालू झाले, खाणेपिणे सुटले, तर डेफेरासिरॉक्स तात्पुरते थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, हे त्याच पानाच्या वर ठळक लिहून ठेवावे. मुलांमध्ये तर हे पहिल्या दिवसापासून पाळावे. पाणी कमी झालेल्या शरीरात हे औषध मूत्रपिंडाला फार लवकर बाधते. दोन-चार दिवस औषध चुकल्याने साचलेल्या लोहात लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. जुलाब थांबून मूल नीट पिऊ लागल्यावर आधी क्रिएटिनिन मोजावे. ते आधाररेषेजवळ परत आले आहे हे पाहूनच डॉक्टर औषध पुन्हा सुरू करतात.